न कळणारी भाषा ऐकायची तर शेजारी भाषांतर लावावं की नाही?

गोदाकाठचा उनाड (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्याआधी थोडं पाल्हाळ.

२०१८ च्या कोची बिनालेला, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनाला गेलो होतो. बायको सोबत होती, म्हणजे निम्मा वेळ चित्रं आणि निम्मा वेळ मासे. तिथे शिल्पा गुप्ता यांचं एक मांडणशिल्प होतं. अंधारी खोली, छतावरून लोंबणारे शंभर माइक, आणि प्रत्येक माइकखाली जमिनीत रोवलेली टोकदार सळई. त्या सळईवर एकेक कागद टोचलेला, कागदावर कवितेच्या ओळी. या शंभर कवींना वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या देशांत लिहिल्याबोलल्याबद्दल तुरुंगात टाकलेलं. गंमत अशी की माइक ऐकत नाहीत, बोलतात. कुठल्या तरी कोपऱ्यातला एक माइक रशियनमध्ये ओळ म्हणतो आणि बाकीचे ती मागोमाग उचलतात. मग अरबी, मग स्पॅनिश, मग अझरबैजानची अझेरी. मधूनच हिंदी आली की अंगावर काटा येतो, कारण ती अचानक कळते.

मी पाऊण तास आत होतो. बायको दहा मिनिटांत बाहेर. "तुला काय कळलं?" म्हणाली. मी म्हटलं, "काहीच नाही." "मग पाऊण तास काय करत होतास?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आता मुद्दा. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने आम्ही चार-पाच जण जुन्या नाशकातल्या एका वाड्यात ध्वनीचं छोटं मांडणशिल्प करायच्या विचारात आहोत. वाडा एका मित्राच्या काकांचा आहे, फुकट मिळतोय, फक्त पावसात माडीवर जायचं नाही एवढी अट. नाशिक जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या आणि कुंभाला येणाऱ्या लोकांच्या मिळून वीसेक भाषांतले आवाज. गणेश देवींच्या लोकभाषा सर्वेक्षणात देशातल्या ७८० भाषांची नोंद आहे, त्यापुढे वीस म्हणजे चिमूटभर.

आमच्यात भांडण एकाच गोष्टीवरून आहे. निम्मे म्हणतात प्रत्येक आवाजाशेजारी मराठी भाषांतर लावा. निम्मे म्हणतात लावू नका, माणूस मग ऐकत नाही, वाचतो. तुम्हाला काय वाटतं? बहुभाषिक महोत्सवांतले तुमचे अनुभवही सांगा.

चिवडाप्रेमी

माझी सासुरवाडी बेळगावची. घरात कानडी. गेली बावीस वर्षं मी दर दिवाळीला न कळणाऱ्या भाषेचं मांडणशिल्प फुकटात ऐकतो. भाषांतर बायको करते आणि ते सेन्सॉर केलेलं असतं हे मला पक्कं माहीत आहे.

भांडखोर काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. समजलं नाही की थोर, ही आजकालची फॅशन आहे. आम्ही गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला ऐकत मोठे झालो. मे महिना, अंगातून घाम निथळतोय, डास चावताहेत, तरी माणसं बसायची, कारण वक्ता काय म्हणतोय ते कळायचं. भाषा सांगण्यासाठी असते. ती टांगून ठेवायची वस्तू नाही.

मागे एका साहित्य महोत्सवाला गेलो होतो (नाव घेत नाही). व्यासपीठावर पाच भाषांतले पाच कवी. प्रत्येकाने आपापल्या भाषेत कविता वाचली आणि लोकांनी प्रत्येकाला सारख्याच टाळ्या वाजवल्या. सारख्याच म्हणजे अगदी घड्याळ लावून सारख्या. त्यातल्या एकाची कविता सुमार असणारच ना? पण कळलंच नाही कोणाची ते. हा भाषांचा सन्मान की भाषांचा हळदीकुंकू समारंभ?

वेलांटी

काका, हळदीकुंकू +१, पण थोडी असहमत.

मी मांडणशिल्पवालीच आहे, निदान कॉलेजात होते. आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात मी एक प्रकार केला होता. १९९९ मध्ये कॅमिल अटरबॅक आणि रोमी आकिटुव्ह या दोघांनी 'टेक्स्ट रेन' नावाची कलाकृती केली. पडद्यावर तुमचं प्रतिबिंब दिसतं आणि वरून अक्षरांचा पाऊस पडतो. हात पसरला की अक्षरं हातावर साठतात, हात काढला की खाली ओघळतात. जरा दम धरून पुरेशी अक्षरं झेलली तर ओळसुद्धा वाचता येते. मी म्हटलं हे देवनागरीत करू. त्यात काय एवढं!

तर मंडळी, देवनागरीत त्यात बरंच काही आहे. संगणकाला 'विठ्ठल' हा शब्द तीन अक्षरांचा दिसत नाही. त्याच्या लेखी ते सहा तुकडे आहेत: व, मग वेलांटी, मग ठ, मग हलन्ताची खूण, पुन्हा ठ, मग ल. वेलांटी कागदावर आधी काढतो, संगणकात ती व्यंजनानंतर साठवलेली असते. मी भोळेपणाने शब्दाचे तुकडे पाडून सोडून दिले. पाऊस सुरू झाला तर काय, वेलांट्या वेगळ्या, काने वेगळे. आणि व्यंजन सोडून एकट्या पडलेल्या प्रत्येक मात्रेला संगणक स्वतःहून ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ जोडतो. 'इथे अक्षर हवं होतं' अशी ती खूण. पडदाभर पोरकी वर्तुळं!

मी रडकुंडीला. आणि परीक्षक म्हणाले, "मातृभाषेपासून तुटलेल्या पिढीचं फार सूचक चित्रण." मला अ श्रेणी.

नंतर घरी बसून दुरुस्त केलं. पूर्ण अक्षर एकत्र राहील असं तोडायला लावलं: वि, ठ्ठ, ल. मग लक्षात आलं की ल आणि श हिंदी वळणाचे पडताहेत. फॉण्टला 'ही मराठी आहे' असं वेगळं सांगावं लागतं, तेव्हा कुठे आपला दोन पाकळ्यांचा ल येतो. ते नीट झालेलं काम मात्र कोणीच पाहिलं नाही.

सांगायचं हे की लोकांना काय कळलं आणि करणाऱ्याच्या मनात काय होतं याचा फारसा संबंध नसतो. माझी चूक होती हे खाली लिहिलं असतं, तर ती सूचक ठरली असती का?

भांडखोर काका

@वेलांटी, तुझी गोष्ट माझ्याच बाजूची आहे, बाळा. परत वाच.

चिवडाप्रेमी

आयडी 'वेलांटी' का आहे हे आज कळलं. ठ्ठो!

कसमादेची लेक

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. थोडं लांबेल.

आमचं गाव सटाण्याकडचं. घरात अहिराणी. मी नाशकात शिकले, मराठीत विचार करते, पण चिडले की अहिराणीच बाहेर येते. माझी मावशी पंच्याहत्तरीची आहे आणि आखाजीची गाणी म्हणते. बाहेरच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा सण दिवाळीच्या तोडीचा, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात.

काही वर्षांपूर्वी शहरातून काही कलावंत मंडळी आली. माणसं चांगली होती, चहाला नाही म्हणाली नाहीत. त्यांनी मावशीचा आवाज रेकॉर्ड करून नेला. वर्षभराने मला कोणाकडून तरी कळलं की तो एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात वाजतोय. मी मुद्दाम गेले. पांढऱ्या भिंती, मंद दिवे, लोकांच्या हातात उंच ग्लास आणि छतातून मावशीचा आवाज. भिंतीवर पाटी होती: पेरणीच्या आनंदाची लोकगीतं.

ते गाणं पेरणीचं नव्हतं. आनंदाचं तर मुळीच नव्हतं. त्यात एक बाई आखाजीच्या दिवशी दारात उभी आहे, आणि तिला न्यायला येणाऱ्या भावाची गाडी तिच्या गावावरून वळून दुसऱ्या बहिणीकडे गेली आहे. सगळं गाणं त्या गाडीच्या चाकोरीकडे बघत म्हटलेलं आहे. मावशी ते म्हणताना अजूनही एका ओळीला थांबते. त्या थांबण्याचा तुकडा त्यांनी कापला होता, बहुतेक रिकामा वाटला म्हणून.

एक बाई शेजारच्या बाईला म्हणाली, "किती शांत वाटतं ना ऐकून."

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आवाज मना शे, मंग मनं नाव कोठे शे?"

उनाडराव, तुमचा पाऊण तास खोटा नाही हे मला मान्य आहे. पण त्या शंभर माइकांखाली कागद होते, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. ओळी लिहिलेल्या होत्या. आमच्या वाट्याला तेवढाही कागद आला नाही. त्यामुळे माझं मत: भाषांतर लावाच.

गोदाकाठचा उनाड

ताई, वाचून गप्प झालो. कागदाचं मी लिहूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रात्री नीट उत्तर देतो.

भांडखोर काका

कसमादेच्या ताईंचा प्रतिसाद आल्यावर खरं तर हा धागा बंद करायला हरकत नाही.

चिवडाप्रेमी

काका, धागा बंद केला तर आम्ही ऑफिसात करायचं काय? :)

बाय द वे, ताई, अहिराणीत 'मी येतो'ला 'मी येस' म्हणतात ना? आमच्या सोसायटीतले एक आजोबा इंग्रजी शाळेतल्या नातवाला फोनवर "मी येस, मी येस" म्हणत होते आणि नातू म्हणत होता, "यस काय? बाबांना विचारलं का?"

कसमादेची लेक

हो. :) 'मी जास', 'मी करस'. आमच्या शाळेत यावरून छड्या खाल्ल्यात पोरांनी. प्रमाण मराठीच्या तासाला 'शे' म्हणालं की बाई फळ्यावर 'आहे' दहा वेळा लिहायला लावायच्या. ते जाऊ द्या.

नाशिकरोडकर

थोडं अवांतर. देशातली सगळ्यात जास्त प्रती छापली गेलेली बहुभाषिक कलाकृती आमच्या नाशिकरोडला तयार होते आणि कोणी तिकडे बघत नाही. खिशातली नोट काढा. मागे डावीकडे भाषांचा उभा पट्टा आहे. पट्ट्यात पंधरा भाषा, शिवाय हिंदी आणि इंग्रजी, अशा सतरा. पट्ट्याचा क्रम इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनुसार, म्हणून असमिया सगळ्यात वर आणि उर्दू सगळ्यात खाली. वडील करन्सी नोट प्रेसमध्ये होते (१९२८ ची प्रेस, आमच्या आजोबांच्या वेळची). लहानपणी ते नोट समोर धरून विचारायचे, "यात मराठी कोणती?" वाटतं तेवढं सोपं नाही. पट्ट्यात कोकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत अशा चार देवनागरी ओळी आहेत. नेपाळीत शंभरला 'एक सय' असतं हे मला नोटेवरूनच कळलं. शेकडा, सय, शत... सगळे एकाच घरचे.

आणि बघा, हा पट्टा म्हणजे भाषांतरच आहे. एकच गोष्ट पंधरा वेळा. कोणीही दुसरी ओळ वाचत नाही.

भांडखोर काका

संविधानाच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत ना? मग नोटेवर सगळ्या का नाहीत?

नाशिकरोडकर

बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाळी आणि सिंधी नाहीत. सहा. अनुसूचीत यांची भर नंतर पडली, नोटेवर नाही पडली.

चिवडाप्रेमी

अहिराणी कधी येणार? 'शंभर रुप्या शेत' असं लिहिलं तर खानदेशात सुट्टे लवकर मिळतील.

कसमादेची लेक

अनुसूचीतच नाही, नोटेवर कुठून येणार. आधी जनगणनेच्या रकान्यात आमचे लोक मातृभाषा अहिराणी सांगोत. विचारणारा आला की तेही 'मराठी'च सांगतात.

मुंबईची पाहुणी

नाशिककर नाही, माहेर मात्र पंचवटीतलं. मी नाट्यमहोत्सवांत वरच्या पट्टीवर येणारी भाषांतरं चालवते. म्हणजे रंगमंचाच्या वर किंवा बाजूला जो उजळ पट्टा असतो त्यावरचं वाक्य कुठल्या क्षणी बदलायचं ते बटण माझ्या हातात असतं. भाषांतर लावावं की नाही यापेक्षा ते कधी लावावं हा प्रश्न मला जास्त जवळचा.

एकेका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि मावल्या तरी लोक वाचत नाहीत. विनोद असेल तर नटाने शेवटचा शब्द उच्चारायच्या आत पट्टीवर आला की संपलं. प्रेक्षक आधी हसतो आणि नट बिचारा हसून झालेल्या घराला विनोद सांगतो. उशीर झाला तर भाषा येणारे आधी हसतात, न येणारे त्यांच्याकडे बघतात, मग दोन सेकंदांनी हसतात. हे दोन सेकंद मला फार आवडतात. त्या दोन सेकंदांत लोक एकमेकांकडे बघतात. एरवी नाटकाला आलेला माणूस शेजाऱ्याकडे बघतो कधी? खुर्चीच्या हातावरून कोपराकोपरी झाली तर.

एकदा मणिपुरी नाटकाला आमचं यंत्र बंद पडलं. अर्धा तास पट्टी काळी. मला घाम फुटला होता. कोणी उठलं नाही. पण खरं सांगते, त्या अर्ध्या तासात काय घडलं हे नंतर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एकाच्या मते भाऊ मेला होता, एकाच्या मते लग्न होतं.

आणखी एक उलट उदाहरण. सुझन हिलर यांची २००७ ची एक कलाकृती आहे, तिच्यात चित्र नाहीच. पडदा काळा, त्यावर फक्त भाषांतराच्या ओळी, आणि कानात नामशेष झालेल्या किंवा होऊ घातलेल्या भाषा बोलणाऱ्या माणसांचे जुने रेकॉर्ड केलेले आवाज. तिथे ओळी काढून टाकल्या तर उरेल फक्त अंधार.

बाकी नाशकाला हे नवीन नाही. आपले दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, आणि 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी स्टुडिओ नाशकात हलवला. मूकपट म्हणजे चित्र आणि मध्ये लिखित पाट्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचा वाचून दाखवायचा. आमच्या पणजोबांपैकी कोणी तरी त्या शेजाऱ्याचं काम केलं असणार, एरवी मला ही बटणाची नोकरी कुठून लागली असती!

हेमाडपंती

उत्तम चर्चा. वाचतोय.

पांडवलेणीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रविवारी वर चढून सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांनी भिंतीवरचे लेख पाहिलेत? ब्राह्मी लिपी, भाषा प्रामुख्याने प्राकृत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात तिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं कौतुक कोरून ठेवलंय. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या एका लेखात संस्कृत आणि प्राकृत अशी सरमिसळ आहे की आजकालच्या पोरांचं मराठी-इंग्रजी आठवावं. आणि सतराव्या लेण्याचा दाता तर स्वतःला 'योनक' म्हणवतो, म्हणजे यवन, ग्रीक मुळाचा. उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा, नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव. ग्रीक माणूस, संस्कृत वळणाचं नाव, प्राकृत लेख, बौद्ध लेणं, नाशिकचा डोंगर.

हे झालं आपलं पहिलं बहुभाषिक मांडणशिल्प. दोन हजार वर्षं टिकलंय, आणि शेजारी भाषांतर नाही.

वेलांटी

भारी! पण हेमाडपंती सर, १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ब्राह्मी वाचेपर्यंत ते लेख सगळ्यांसाठी नक्षीच होते ना? लोकांनी मग 'पांडवांनी खोदलं' अशी पाटी मनातल्या मनात लावली. ताईंच्या मावशीच्या गाण्याला 'पेरणीचा आनंद' लावली तशीच. म्हणजे भाषांतर नसेल तर जागा रिकामी राहत नाही, तिथे भलतंच कोणी तरी येऊन बसतं.

हेमाडपंती

हा मुद्दा बिनतोड. पांडव परत घेतो.

मोसम पुलावरून

मालेगावहून सलाम. तुम्ही सगळे पाटी आणि पट्टीत अडकलात. आमच्याकडे मुशायऱ्यात दुसरी सोय आहे. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. पुन्हा म्हणतो. समोरचे लोक ती उचलून परत म्हणतात. याला मिसरा उठाना म्हणतात. तिसऱ्या वेळेपर्यंत ज्याला अर्धवट उर्दू येते त्यालाही ती ओळ समजलेली असते, आणि मग दुसरी ओळ येते ती सगळ्यांवर एकदम. माझे मराठी मित्र येतात, त्यांना 'तग़ाफ़ुल' माहीत नसतो, पण तीनदा ऐकल्यावर ते शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारतात आणि शेजारी कानात सांगतो. तेच भाषांतर.

उनाड भाई, तुमचे ते शंभर माइक एकमेकांची ओळ उचलतात असं तुम्ही लिहिलंय. वाचल्यावर पहिलं मनात आलं, अरे, हे तर मिसरा उचलतायत! आणि जे तुरुंगात होते त्यांना मिसरा उचलणारं कोणी नव्हतं.

गोदाकाठचा उनाड

पाऊण तास काय करत होतो याचं उत्तर मिळालं. बायकोला हा प्रतिसाद दाखवला. ती म्हणाली, "हे तुला तेव्हा सुचलं असतं तर मी पण थांबले असते."

सातपूरचा शिफ्टवाला

मोठमोठे प्रतिसाद चाललेत, मी छोटा देतो. आमच्या लाइनवर ओडिया, भोजपुरी, बंगाली, मराठी. सुरक्षेच्या पाट्या मराठी-हिंदीत. मशिनचा आवाज एवढा की कोणतीच भाषा ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर. हात गळ्यावरून फिरवला की मशीन बंद कर. जेवायच्या सुट्टीत मात्र प्रत्येक भाषेचा वेगळा बाक. महोत्सव करायचा तर त्या बाकांवर करा.

आबा

मी या संकेतस्थळावर कमी लिहितो. टंकायला वेळ लागतो.

२०१५ च्या सिंहस्थात मी रामकुंडाजवळच्या एका सूचना केंद्रावर स्वयंसेवक होतो. नुकता निवृत्त झालो होतो. काम हरवले-सापडले घोषणांचं. "अमुक गावचे तमुक, तुमची माणसं इथे वाट बघत आहेत." दिवसभर हेच. हिंदी, मराठी, गुजराती आम्हाला जमायची. तेलुगूसाठी एक रेल्वेतला तरुण मुलगा होता.

एका पर्वणीला दुपारी पोलिसांनी एका म्हातारीला आणून बसवलं. ती काय बोलते ते कोणालाच कळेना. हिंदी झाली, तेलुगू झाली, एका साधूबाबांनी बंगाली करून पाहिली. म्हातारी मान हलवायची आणि आपलंच पुन्हा सांगायची. हातात कागद नाही, पिशवी नाही. शेवटी आमचा प्रमुख वैतागून म्हणाला, "माइक तिच्याच हातात द्या."

दिला. आधी ती घाबरली. आपलाच आवाज पलीकडच्या काठावरून परत ऐकून तिने माइक लांब धरला. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाली, कोणाला तरी हाक मारल्यासारखं. मग आवाज चढला. मग मंडळी, ती जी सुरू झाली! पाच-सात मिनिटं अखंड. आम्ही माइक काढून घ्यायचं विसरलो. घाटावरची गर्दी थांबली. भाषा एकालाही येत नव्हती, पण बायका एकमेकींकडे बघून माना हलवू लागल्या आणि पुरुष खाली बघू लागले. म्हातारी नवऱ्याला झापत होती हे सांगायला कोणी लागलं नाही.

थोड्या वेळाने एक म्हातारा गर्दीतून आला. दोन्ही पिशव्या त्याच्या खांद्यावर, तिच्या चपला त्याच्या हातात. मान खाली. ती उठली, चपला घेतल्या, घातल्या आणि चालू लागली.

त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. कोरापुटकडचे होते, ओडिशातले. मी विचारलं, "माताजी काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "वो मत पूछो." भाषा कोणती हेही विचारायचं राहून गेलं.

तुमच्या प्रश्नावर माझं मत काय ते मला सांगता येणार नाही. पण ते भाषांतर माझ्यासाठी नव्हतं एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

चिवडाप्रेमी

आबा, _/\_. आज विनोद नाही.

मुंबईची पाहुणी

आबा, माझ्या हातात बटण असतं आणि त्या भाषेची संहिता असती तरी मी पट्टी काळीच ठेवली असती. आणि मावशींच्या गाण्याला मात्र पट्टी लावली असती. दोन्ही मला बरोबर वाटतंय आणि यातला नियम काय ते सापडत नाहीये.

कसमादेची लेक

नियम आहे ना. म्हातारीने माइक स्वतः धरला होता, आणि कोणाला ऐकवायचं ते तिला माहीत होतं. मावशीला कोणी विचारलंच नाही की हे कोणाला ऐकवायचं.

वेलांटी

म्हणजे भाषांतर लावायचं की नाही हे ज्याचा आवाज त्यालाच विचारायचं? वीस भाषा, वीस वेगळी उत्तरं? भिंत किती विचित्र दिसेल! एकाकडे पूर्ण कागद, एकाकडे अर्धा, एकाकडे नुसतं नाव... अरे, पण छान दिसेल.

भांडखोर काका

आणि एखादा म्हणाला की माझं भाषांतर चुकीचं लावा, तर?

वेलांटी

तर ते सूचक. अ श्रेणी. :D

गोदाकाठचा उनाड

काल रात्री वाड्याच्या ओट्यावर आमची बैठक झाली. हा धागा सगळ्यांना वाचून दाखवला, आबांच्या प्रतिसादाला दोघं उठून उगाच चहा बघायला गेले. ठरलं ते असं. नाव प्रत्येकाचं लागणार, मोठ्या अक्षरात, आवाजाच्या आधी. थांबणं कापायचं नाही. भाषांतराचं ज्याचं त्याला विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर कागद कोरा टांगायचा, काढून टाकायचा नाही. वीसऐवजी नऊ आवाज होतील बहुतेक, कारण आता प्रत्येकाकडे जाऊन बसावं लागणार. वेलांटी, तू येतेस का? ल आणि श तुझ्याकडे. सातपूरवाले, एक बाक आम्हाला हवाय, खराखुरा, बसायला.

कसमादेच्या ताई, विचारायला धीर होत नाही, तरी विचारतो. मावशींना विचाराल?

कसमादेची लेक

विचारलं. आधी म्हणाली, "परत?" मग सगळं ऐकून घेतलं. नाव लावा म्हणाली, गावासकट. भाषांतर लावा, पण ती जिथे थांबते त्या ओळीचं नको. आणि एक अट आहे. ज्या भावाची गाडी वळली तो, म्हणजे माझा मामा, सध्या सिडकोत मुलाकडे राहतो. सत्तरीचा आहे, गुडघे गेलेत. पहिल्या दिवशी त्याला तिथे आणून बसवायचं.

गोदाकाठचा उनाड

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रिक्षा मी घेऊन जातो. वाड्याला पायऱ्या तीनच आहेत.

भांडखोर काका

दोघं असलो तर पायऱ्यांवरून उचलून घेता येईल. मीही येतो. माझं मत बदललेलं नाही, नोंद असावी.